नको असलेले मेल आणि हवा असलेला एक मेल

राजाजीनगरहून आजचा भाग घेऊन आले आहे. विषय साधा आहे: मेलपेटीत रोज येऊन पडणारा कचरा कमी कसा करायचा. पण आधी आमच्या इमारतीत घडलेली एक गोष्ट सांगते, म्हणजे मी या कचऱ्याला नुसती कटकट का म्हणत नाही ते कळेल.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. मूळचे बेळगावचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एका रविवारी पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, यंदा मेडिक्लेमचा हप्ता भरलात ना?" काका म्हणाले, "अरे, त्यांचा मेल आला की भरतो दरवर्षी. यंदा आलाच नाही." पॉलिसीचा कागद काढून पाहिला, तर मुदत संपून १९ दिवस झाले होते.

वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्यांना आरोग्य विम्यात मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात पैसे भरले तर पॉलिसी पुढे चालू राहते. पण मधल्या दिवसांत आजारपण आलं तर तो खर्च आपलाच. आणि तेही ३० दिवस उलटले, तर जुन्या दुखण्यांसाठी जी वाट पाहायची असते, जास्तीत जास्त ३ वर्षं, ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. काकांना मधुमेह आहे. मी फोन हातात घेतला आणि स्पॅमचा कप्पा उघडला. विमा कंपनीची दोन स्मरणपत्रं तिथे पडलेली होती. पहिलं कधीच पुसलं गेलं असणार, कारण जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकतं.

ती तिथे गेली कशी? मी विचारलं, तेव्हा काका जरा ओशाळून म्हणाले, "त्यांचे जाहिरातींचे मेल फार यायचे. मी रागानं स्पॅम, स्पॅम दाबत होतो." आणि लॉटरीच्या, कर्जाच्या मेलचं काय करत होता? "त्यांना खाली अनसबस्क्राइब असतं ना, ते दाबायचो. तरी वाढतच गेले बघ."

काकांनी औषधं दोन्ही बरोबर घेतली होती, फक्त रोगांची अदलाबदल झाली होती. आजचा सगळा भाग एवढ्यावरच आहे.

कचरा दोन प्रकारचा

नको असलेला मेल दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारा: याला माझा पत्ता मी दिला होता का?

उत्तर 'हो' असेल, तर तो पहिला प्रकार. कपड्यांचं दुकान, तिकिटांचं अ‍ॅप, बँक, विमा कंपनी. हे त्रास देतात, पण चोर नाहीत. यांच्याशी आपला व्यवहार आहे आणि यांचा एखादा मेल आपल्याला खरोखर हवा असतो.

उत्तर 'नाही' असेल, तर दुसरा प्रकार. न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस, न मागवलेलं पार्सल, 'तुमचं खातं आज बंद होणार'. यांना आपला पत्ता कुठल्यातरी फुटलेल्या यादीतून मिळालेला असतो, किंवा अंदाजाने बनवलेल्या हजारो पत्त्यांत आपलाही लागलेला असतो.

हे दोन्ही प्रकार एवढे का माजले, त्याचं कारण पैशात आहे. पोस्टाने पत्रक पाठवायचं तर प्रत्येक पाकिटाला तिकीट लागतं. मेलला जवळजवळ काहीच लागत नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थुर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकाच झटक्यात पाठवली. लोक चिडले, पण युक्ती जगाला कळली. लाख मेल पाठवून दोघे फसले तरी पाठवणाऱ्याचं भागतं. म्हणून हा कचरा शून्यावर येईल अशी आशा धरू नका. तो आटोक्यात ठेवायचा, घरातल्या केरासारखा.

पहिल्या प्रकाराला: सदस्यत्व रद्द

दुकानांच्या आणि अ‍ॅपच्या जाहिरातींवर अनसबस्क्राइब हाच उपाय. मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत तो दुवा शोधत बसू नका. जीमेलमध्ये बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच तो दिसतो. आता डावीकडच्या यादीत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' असंही एक पान आलं आहे. तिथे कोण किती मेल पाठवतं ते एकत्र दिसतं आणि तिथूनच एकेकाला निरोप देता येतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याने एका क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द करण्याची सोय द्यायची आणि विनंती दोन दिवसांत पाळायची. त्यामुळे 'दाबून काही होत नाही' हा जुना अनुभव असेल, तर पुन्हा एकदा करून पाहा. तरीही मेल येतच राहिले, तर मग खुशाल स्पॅम दाबा.

मात्र बँक, विमा, वीजबिल यांच्या बाबतीत एक पथ्य पाळा. यांच्या जाहिराती नको असतील, तर त्यांच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्ये जाऊन फक्त 'ऑफर्स'वरची खूण काढा. स्पॅम दाबलंत, तर जीमेल समजतं की या पाठवणाऱ्याचं काहीच नको. मग ऑफरबरोबर हप्त्याची आठवणही स्पॅममध्ये जाते. काकांचं नेमकं हेच झालं.

दुसऱ्या प्रकाराला: न बोलता स्पॅम

चोरांच्या मेलमध्ये अनसबस्क्राइब दाबणं म्हणजे दार वाजल्यावर आतून 'घरात कोणी नाही' असं ओरडणं. आपण आहोत, मेल वाचतो, हे त्यांना कळतं. जिवंत पत्त्याला भाव जास्त. शिवाय तो दुवा भलत्याच पानावर नेऊ शकतो. म्हणून असा मेल उघडायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, शिवीही नाही. त्यावर खूण करून 'रिपोर्ट स्पॅम' दाबायचं आणि पुढे जायचं.

या बटणाचा उपयोग नुसता मेल हलवण्यापुरता नसतो. २००२ साली पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने एक लेख लिहून ही कल्पना लोकांपुढे मांडली: नियमांची यादी करण्यापेक्षा संगणकाला चांगल्या आणि वाईट मेलचे ढीग दाखवावेत आणि कुठले शब्द कुठल्या ढिगात जास्त येतात यावरून नव्या मेलची शक्यता त्यालाच मोजू द्यावी. आजच्या चाळण्या कितीतरी पुढे गेल्या आहेत, पण शिकतात त्या आपल्या खुणांवरूनच. नुसतं डिलीट केलंत, तर चाळणी काहीच शिकत नाही.

आणखी एक छोटी सोय. पुष्कळ मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं, एका ठिपक्याएवढं चित्र असतं. मेल उघडला की ते चित्र मागवलं जातं आणि पाठवणाऱ्याला कळतं की मेल वाचला गेला. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा, असा पर्याय आहे. तो निवडून ठेवा.

बँकेच्या वेषातला चोर

काही मेल पाहून हे पहिल्या प्रकारातलं की दुसऱ्या, असा प्रश्न पडतो. मग नाव वाचू नका, पत्ता वाचा. नाव कोणालाही काहीही लावता येतं. पत्त्यात ॲट या चिन्हानंतर जे येतं, ते शेवटाकडून वाचा. मध्ये बँकेचं नाव आहे, पण शेवटी भलतंच काही असेल, तर मेल बँकेचा नाही.

आपल्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' अशा शेवटाच्या पत्त्यावर न्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. सरकारी वेबसाइट सहसा 'जीओव्ही डॉट इन' ने संपतात. आयकर विभाग मेलवरून पिन किंवा पासवर्ड कधीच मागत नाही. शंका आली की मेलमधल्या दुव्याला हात न लावता वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. आणि चुकून पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

पत्ता देतानाच हात आखडा

आमच्या डॉ. राजकुमार रस्त्यावर कुठल्याही मोठ्या दुकानात बिल करताना हमखास ऐकू येतं, "मेल आयडी हेळी, मॅडम." हेळी म्हणजे सांगा. मी हसून "बेडा" म्हणते, म्हणजे नको. बिल तरीही मिळतं. तुमच्या गावात हे मराठीत म्हणा, गुजरातीत म्हणा, हिंदीत म्हणा. नको म्हणायला कायद्याची बंदी नाही.

जिथे द्यावाच लागतो, तिथे दुसरा पत्ता द्या. एक मेल बँक, विमा, दवाखाना, मुलंबाळं यांच्यासाठी आणि एक बाजारासाठी. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल आपल्याकडेच येतो. दुकानाला तसा पत्ता दिला, तर पुढे आपला पत्ता कुणी वाटला ते उघडं पडतं. काही वेबसाइट असा पत्ता घेत नाहीत, म्हणून दुसरी पेटीच बरी.

१९०९ वर नोंदवलेला 'डीएनडी' फोन आणि एसएमएसपुरता असतो, मेलला लागू होत नाही. निव्वळ मेलच्या कचऱ्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक चांगलं तत्त्व आहे: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. तोपर्यंत आपलं दार आपणच सांभाळायचं.

रविवारची दहा मिनिटं

आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा वरवर चाळा. ओळखीचा मेल तिथे सापडला, तर 'नॉट स्पॅम' दाबा आणि तो पत्ता संपर्कांच्या यादीत घाला. मग शोधपेटीत इंग्रजीत 'अनसबस्क्राइब' टाइप करा. जाहिरातींचे बहुतेक मेल एका जागी येतील. त्यांतले जुने पुसा आणि कचरापेटीही रिकामी करा. गूगलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते, आणि स्पॅम व कचरापेटीतले मेलही त्यात मोजले जातात. जागा पूर्ण भरली, तर नवा मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो.

काकांनी त्याच संध्याकाळी हप्ता भरला. ते १९ दिवस सुखरूप गेले, हे नशीब. मग आम्ही विमा कंपनीच्या मेलवर 'नॉट स्पॅम' दाबलं, पत्ता संपर्कांत घातला आणि हप्त्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवली. ती शेवटची सूचना काकूंची होती, आणि मला विचाराल तर सगळ्यांत पक्की तीच.

आज एवढंच करा. आपला स्पॅमचा कप्पा उघडा आणि त्यात कोणी आपलं माणूस अडकलंय का ते पाहा. भेटू पुढच्या भागात.