भाजणी, भजनी आणि छपाई

आमच्या घरी गेली दोन वर्षे वाणसामानाची यादी थालीपीठ-भाजणीच्या लेबलाच्या पाठीवर लिहिली जाते. दुधाचा हिशेब असतो मेतकुटाच्या लेबलावर. ही चैन आम्हांला परवडते ती वहिनींच्या धंद्यामुळे.

वहिनी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला घरी करून विकतात. सुरुवातीला पाकिटात सरकवायची कागदी लेबले छापायची होती. “हजार घ्याल तर महाग, पाच हजार घ्याल तर स्वस्त,” असे एका छापखान्यात सांगितले. आणि स्वस्त म्हटल्यावर आपल्यासारखी माणसे मागे हटतात थोडीच! पाच हजार लेबले आली. सहा महिन्यांतच दादा-वहिनींनी बिऱ्हाड हलवले आणि ती आमच्या शेजारी राहायला आली. निर्मात्याचा पत्ता, वजन, किंमत हे सारे पाकिटावर खरे हवे, असा २०११ चा नियमच आहे. लेबलांची रद्दी झाली.

यंदा दिवाळीपूर्वी वहिनी म्हणाल्या, “भावोजी, तुमचा तो छापखानेवाला विद्यार्थी साठच लेबले छापून देईल का हो?”

साठ प्रतींसाठी कोण यंत्र सुरू करणार, असे मनात म्हणतच मी शनिवार पेठेत गेलो. एका खोलीत वडिलांच्या वेळचे ऑफसेट यंत्र, दुसरीत नवे डिजिटल.

“सर, बाबांच्या यंत्राला निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार रंगांच्या चार प्लेटा लागतात. त्या चढवायच्या, रंग जुळेपर्यंत कागद वाया घालवायचे. एक प्रत काढा की दहा हजार, हा खर्च चुकत नाही. ह्याला प्लेटच नाही. विजेच्या भाराने रंगाची पूड कागदावर बसते आणि उष्णतेने चिकटते.”

ही युक्ती मूळची चेस्टर कार्लसनची. पेटंटच्या कागदांच्या नकला मिळवता मिळवता जेरीस आलेल्या ह्या गृहस्थाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात पहिली कोरडी नक्कल काढली. १९९३ साली रंगीत डिजिटल छपाईची यंत्रे व्यापाऱ्यांपुढे आली.

विद्यार्थ्याने मला हिशेबच मांडून दाखवला. समजा, ऑफसेटला जुळणीचा खर्च २,००० रुपये आणि वर दर लेबलाला ५० पैसे; डिजिटलला जुळणी फुकट, पण दर लेबलाला ६ रुपये. मग साठ लेबलांना तिकडे २,०३० पडतील, इकडे ३६०. पण पाच हजारांना तिकडे ४,५००, तर इकडे ३०,०००! साडेतीनशेच्या थोडे पुढे पारडे फिरते.

“आणि नावे बदलता येतात, सर. एका कचेरीने फराळाचे दोनशे डबे मागवले. प्रत्येक डब्यावर त्या त्या माणसाचे नाव! प्लेटेवर हे जमायचे नाही.”

“मग तोटा काय?”

“घडी पडते तिथे पूड तडकते, खोके असेल तर वर पातळ प्लॅस्टिकचा थर द्यावा लागतो. शिवाय एखाद्या दुकानाचा ठरलेला खास लाल रंग ऑफसेटला वेगळी शाई घोटून देता येतो; इथे तो बहुधा चारच रंगांतून काढायचा, कधी फिका, कधी गडद.”

१८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले. पंचांग सगळ्यांना एकच लागते. तिथे हजारांची छपाई शोभते. वहिनींच्या साठ पाकिटांचे गणित निराळे.

अर्ध्या तासात लेबले हातात पडली. मोबाइलच्या पडद्यावर मजकूर मीच नजरेखालून घातला होता. घरी वहिनींनी चष्मा लावला आणि त्यांना हसू आवरेना. साठही लेबलांवर ठसठशीत छापले होते: ‘चकलीची भजनी’!

मराठीच्या प्राध्यापकाची ही तपासणी! प्लेटा करायच्या असत्या, तर कागदावर मुद्रित मागवून मी दोनदा वाचले असते. बदल चुटकीसरशी होतो ह्या भरवशावर डोळे सैल पडले. मात्र चूक ३६० रुपयांत निभावली आणि संध्याकाळच्या आत नवी लेबले आली, हेही खरे.

जुनी साठ वहिनींनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाल्या, “भावोजी, ह्यांच्या पाठीवर मात्र तुम्हीच यादी लिहायची.”