हात गेला तरी मेंदू शिकतो

गाळप हंगाम ऐन भरात असतो आणि नेमकी तेव्हाच संक्रांत येते. नागपूरला इतवारीत माल घ्यायला गेलेला आपला सभासद येताना पोरासाठी पतंग नि चक्री आणतोच. गच्चीवर एकदा ‘ओ काट’चा गलका सुरू झाला की तारांकडे कोणाचं लक्ष? अडकलेला पतंग लोखंडी सळईने काढताना विजेचा झटका बसतो आणि जळालेला हात कधी कधी कापावा लागतो. गावाकडे तेच कडबाकुट्टीत होतं. मग ‘पोराचं आयुष्य गेलं’ असं लोक लगेच बोलून टाकतात. आम्हांस ते मान्य नाही.

मेंदूत प्रत्येक अवयवाची जागा ठरलेली असते. हाताची जागा ऐसपैस, शेजारीच चेहऱ्याची. मोठेपणी हात गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा जवळपास तसाच राहतो, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. लहानपणी गोष्ट निराळी. जन्मतःच एक हात नसलेल्या माणसांत ही रिकामी जागा ओठ, पाय, उरलेला दंड असे कामाला येणारे अवयव वापरू लागतात. पडीत वावर शेजाऱ्याने वहितीला घ्यावं, तसंच!

आणि हे वावर परतही मिळतं. अमेरिकेतल्या झायन हार्वी या मुलाचे दोन्ही हात दोन वर्षांचा असताना जंतुसंसर्गाने गेले. त्याच्या मेंदूत ओठांची जागा हाताच्या जागेकडे सरकली होती. २०१५ साली, आठव्या वर्षी, फिलाडेल्फियात त्याला दात्याचे हात बसवले. पुढे ओठांची जागा माघारी सरकू लागली आणि दीड वर्षात पोरगा दोन्ही हातांनी बॅट धरू लागला. आपल्या मुंबईतही २०२४ साली, विजेच्या धक्क्याने हात गमावलेल्या एका शाळकरी मुलीला खांद्यापासून हात बसवण्यात आला.

पण मेंदू शिकतो तो कामातून. आई मायेपोटी घास भरवते, बटणं लावून देते. आम्ही म्हणतो, लावू द्या त्यालाच! दाताने ओढेल, दंडाने दाबून धरेल, वेळ लागला तर लागू द्या.

‘नसलेला हात खाजतो’ असं पोर म्हणालं तर त्याला खोटं ठरवू नका, मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नका. मेंदूतली हाताची जागा जागी असते, म्हणून तसं वाटतं. कृत्रिम हात बसवला असेल तर पोर वाढतं तशी त्याची खोबण चपलेसारखी लहान होते, ती बदलून घ्यावी लागते. कापलेल्या टोकाशी हाड वाढून कातडीला टोचू लागलं, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.