नितळ आणि निर्मळ

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्र्यंबकेश्वराहून नाशिकला येते. सिंहस्थ कुंभमेळ्यात लक्षावधी यात्रेकरू रामकुंडावर स्नान करतात. परंतु तहान लागली म्हणजे त्यांपैकी कित्येकजण बाटलीबंद पाणी विकत घेतात. समोर नदी वाहत असता पाणी विकत का घ्यावे? याचे उत्तर असे, की नितळ दिसणारे पाणी निर्मळ असतेच असे नाही.

१८५४ साली लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीची साथ उद्भवली. तेथील पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून दूर राहणारी एक वृद्ध विधवा ते मुद्दाम मागवून घेत असे. तीही पटकीने दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंची चौकशी करून साथीचे मूळ त्या पंपाच्या पाण्यात असल्याचे दाखवून दिले. रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेलाही कळत नाहीत.

म्हणूनच बाटलीत भरण्यापूर्वी पाण्यावर एकामागून एक संस्कार केले जातात. प्रथम ते वाळूच्या थरांतून गाळतात. त्यामुळे माती व गाळ मागे राहतो. नंतर विशेष प्रक्रिया केलेला कोळसा पाण्यातील वास व रंग शोषून घेतो. पुढे पाणी मोठ्या दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलले जाते. येथे विरघळलेले क्षारही बहुतांशी अडतात. त्यानंतर अतिनील किरणांनी जंतूंची वाढण्याची शक्ती नष्ट केली जाते. शेवटी पाण्यात ओझोन वायू सोडतात. ओझोन जंतूंचा नाश करतो आणि काही काळाने स्वतः प्राणवायूत रूपांतरित होतो.

स्वच्छ धुतलेल्या बाटल्या यंत्राने भरून लगेच बंद केल्या जातात. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. भारतीय मानकाप्रमाणे २५० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही असता कामा नये.

एवढे करूनही रक्षणाचे काम संपत नाही. ओझोन नाहीसा झालेला असतो. त्यामुळे झाकण उघडताच हाताचे व तोंडाचे जंतू आत शिरू शकतात. म्हणून बाटलीचे झाकण मूळचे बंद आहे ना, हे पाहावे. ती उन्हात ठेवू नये. उघडल्यावर पाणी लवकर संपवावे. रिकामी बाटली चेपून टाकावी, म्हणजे कोणी तीत अशुद्ध पाणी भरून विकणार नाही.

घरच्या पाण्यालाही हाच नियम लागू आहे. तुरटीने गाळ खाली बसतो, पण तेवढ्याने सर्व जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी चांगले उकळावे, झाकून ठेवावे व लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. उकळलेल्या पाण्यात न धुतलेला हात बुडविला, तर सारे श्रम व्यर्थ होतात. पाणी शुद्ध करणे हे अर्धे काम होय. ते शुद्ध राखणे हे उरलेले अर्धे.