आणखी एकच कॅमेरा!

तुमच्यापैकी किती जण काही ना काही जमवतात? हात वर करा पाहू! पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, क्रिकेटपटूंची कार्डं, खोडरबरं... माझी पुतणी तर चॉकलेटवरचे चंदेरी कागद नखाने गुळगुळीत करून वहीत चिकटवते. तेव्हा माझं दुखणं तुम्हांला चटकन कळेल. मोठ्या माणसांना ते कळत नाही.

मी जुने कॅमेरे जमवतो. मोबाईलमधले नव्हेत आणि डिजिटलही नव्हेत. ज्यांच्यात रोल घालावा लागतो, ते! आज सकाळी मोजले तेव्हा चौतीस भरले. शिवाय लेन्स एकोणीस. प्रत्येक वेळी मी घरी सांगितलं होतं, "हा शेवटचा बरं का!" पूर्वी बायको हसायची. आता ती फक्त विचारते, "ठेवणार कुठे?"

सुरुवात अगदी साधी झाली. गावच्या घराचा माळा आवरताना काकांचा 'आग्फा क्लिक थ्री' सापडला. आजी-आजोबांना विचारा, हे नाव ऐकून त्यांचे डोळे चमकतील. जर्मन कंपनीचा हा कॅमेरा आपल्याकडे बडोद्याला तयार व्हायचा. कितीतरी घरांत आलेला पहिला कॅमेरा हाच. एका रोलमध्ये फोटो फक्त बारा, आणि तेही चौकोनी. त्यामुळे काढायचे जपून! बारशाचे चार, सहलीचे पाच आणि उरलेले तीन दिवाळीसाठी राखून ठेवायचे. आता मोबाईलवर एका वडापावचे बारा फोटो निघतात!

मी त्याचा खटका दाबला. 'चिक्' असा बारीकसा आवाज झाला. काही दशकं माळ्यावर धूळ खात पडलेला तो डबा, बॅटरी नाही, चार्जर नाही, आणि तरी कामाला तयार! त्या 'चिक्'ने माझा घात केला.

प्रत्येक कॅमेऱ्याचा आवाज वेगळा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लेन्समध्येच पात्यांचं शटर असेल तर 'चिक्'. मागे कापडी पडदा सरकत असेल तर 'फट्'. आत आरसा असेल तर तो आधी वर उडतो, म्हणून 'खटॅक्'. आणि एक सेकंदाचा वेग लावला, तर आतली दातेरी चाकं घड्याळासारखी 'किर्रर्र' करत फिरतात. रात्री सगळे झोपले की मी एकेक कॅमेरा काढतो आणि नुसते आवाज ऐकतो. हसू नका! चांदीचे कागद तुम्हीही रात्री काढून बघत असालच.

मग मी या कॅमेऱ्यांबद्दल वाचायला लागलो, आणि पुरता अडकलो. कारण प्रत्येकाला एक गोष्ट निघाली.

'ब्राउनी'चंच बघा. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने १९०० साली तो काढला. पुठ्ठ्याचा डबा, वरून नकली कातडं आणि किंमत एक डॉलर. तोपर्यंत फोटो काढणं हे पैसेवाल्यांचं आणि जाणकारांचं काम होतं. हा मात्र मुलांनाही हाताळता यावा म्हणून केलेला कॅमेरा! त्या वेळी तिकडच्या मुलांमध्ये 'ब्राउनी' नावाच्या बुटक्यांच्या गोष्टी फार आवडत्या होत्या, म्हणून नावही तेच. पुढच्याच वर्षी, १९०१ साली, दुसऱ्या नंबरचा ब्राउनी आला आणि त्याच्यासाठी '१२०' नावाचा रोल निघाला. गंमत म्हणजे काकांच्या क्लिक थ्रीमध्येही तोच रोल बसतो, आणि तो आजही विकत मिळतो. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात आज रोल घाला आणि उद्या फोटो काढा. सव्वाशे वर्षं राहू द्या, दहा वर्षांपूर्वीच्या मोबाईलला नवी बॅटरी तरी मिळते का, बघा!

'लायका'ची गोष्ट दम्याची आहे. हो, दम्याचीच. ऑस्कर बारनाक हा जर्मनीतल्या लाइट्स कंपनीतला तंत्रज्ञ. त्याला डोंगरदऱ्यांत हिंडून फोटो काढायचा नाद होता. पण तेव्हाचे काचेच्या प्लेटांचे कॅमेरे म्हणजे चांगलं जड बोचकं. ते घेऊन चढ चढताना त्याला धाप लागे. मग त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, ती आडवी धरली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट केली : २४ बाय ३६ मिलिमीटर. खिशात मावेल असा कॅमेरा तयार झाला! पहिला नमुना १९१४ च्या सुमाराचा. विक्री सुरू झाली १९२५ साली. तुमच्या आई-बाबांच्या लग्नाचे फोटो रोलवर काढलेले असतील, तर बहुतेक याच मापाच्या फिल्मवर असतील. बारनाक स्वतः वापरत असे तो एक कॅमेरा २०२२ साली लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. ही बातमी मी घरी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवली. "बघा, कॅमेरे म्हणजे गुंतवणूक आहे!" त्यावर आई शांतपणे म्हणाली, "मग तुझा कधी विकतोयस?"

माझ्याकडेही एक 'लायका' आहे. खोटा! सोनेरी रंगाचा, चकचकीत. विकणाऱ्याने अगदी शपथेवर सांगितलं आणि मी भुललो. घरी आणून लेन्स काढली, आत बॅटरी मारली, तेव्हा उजेड पडला. खऱ्या लायकामध्ये लेन्सच्या मागे एक छोटं गोल चाक असतं. माझ्यात होती निमुळती पट्टी. तो निघाला सोव्हिएत 'फेड', वरून सोनेरी मुलामा चढवलेला.

चार दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. पण मग 'फेड'ची गोष्ट वाचली. तेव्हाच्या सोव्हिएत संघात, आजच्या युक्रेनमधल्या खार्किव शहरात, अनाथ आणि बेघर मुलांसाठी एक वसाहत होती. तिचे प्रमुख होते अंतोन माकारेंको हे शिक्षक. मुलं अर्धा दिवस शाळा शिकत आणि अर्धा दिवस कारखान्यात काम करत. आधी त्यांनी विजेवर चालणारी ड्रिलयंत्रं तयार केली. मग एक लायका आणून पार उघडला, सुटा सुटा केला आणि तसाच्या तसा कॅमेरा स्वतः तयार केला! १९३४ पासून तो रीतसर तयार होऊ लागला. यंत्रावर उभी असलेली ती मुलं तुमच्याच वयाची होती, काही थोडी मोठी. आता सांगा, त्या नावाचा कॅमेरा माझ्या कपाटात असावा, की कुणाच्या तरी भपक्यासाठी 'लायका' म्हणून मिरवावा? मी त्याच्यावरचा सोनेरी रंग घासून काढतो आहे. काम अजून संपलेलं नाही.

लेन्सचं वेड तर याहून वाईट. आजच्या बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांत लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर फार कमी असतं. त्यामुळे मध्ये एक धातूची कडी बसवायला जागा उरते, आणि त्या कडीवर कुठल्याही देशाची, कुठल्याही काळाची लेन्स लावता येते. एक कडी घेतली आणि झालं! 'हेलिओस' नावाची रशियन लेन्स आली. तिच्यातून झाडांसमोर उभ्या माणसाचा फोटो काढला, की मागची पानं भोवऱ्यासारखी गरगरताना दिसतात. मग एक जपानी 'टाकुमार' आली. तिच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य मिसळलेलं असतं. घाबरू नका, कपाटात ठेवायला काही भीती नाही. मात्र ती काच फोडायची किंवा घासायची नाही. वर्षानुवर्षांत अशी काच चहासारखी पिवळी पडते. उपाय काय? उन्हात ठेवायची! आमच्या गच्चीवर आईच्या सांडग्यांच्या शेजारी माझी टाकुमार दोन आठवडे वाळत होती. पिवळेपणा बराच गेला. सांडगेही छान वाळले, पण ते आईने वेगळ्या गच्चीवर नेले असते तर बरं, असं ती अजून म्हणते.

आणि आपला पावसाळा! तो लेन्सचा वैरी. दमट हवेत काचेवर बुरशी धरते, बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि वेळीच काढली नाही तर काचेला कायमचा डाग पाडते. जुन्या कातडी पेटीत कॅमेरा ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रणच, कारण कातडं ओल धरून ठेवतं. म्हणून जूनपासून माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बसतात. डबे अर्थात स्वयंपाकघरातले.

आता एक कबुली. एकदा फ्रीज दुरुस्तीचे पैसे मी एका लेन्सला देऊन आलो. ऐन मे महिन्यात नऊ दिवस घरात गार पाणी नव्हतं. ती लेन्स घेतल्यावर मी किती वेळा वापरली? दोनदा. खरं सांगू का, मिळवण्यात जी मजा असते ना, ती वस्तू हातात आल्यावर दुसऱ्याच दिवशी अर्धी होते. मग पुढचीचे डोहाळे! मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या संग्रहाची नोंद गिनेस बुकात आहे : १९७७ पासून जमवलेले ४,४२५ कॅमेरे. मी तो आकडा बायकोला सांगितला, म्हणजे चौतीस तिला कमी वाटतील. तसं काही झालं नाही.

पण मला सांगायचं आहे ते एका रविवारचं. पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपं, पितळी नळ आणि कॅसेटी यांच्या ढिगात एक क्लिक थ्री दिसला. माझ्याकडे आधीच दोन होते. पण याच्या पट्ट्यावर कुणीतरी निळ्या दोऱ्याने टाके घातले होते, म्हणून हात गेला. घासाघीस केली, पैसे दिले आणि आतून कसा आहे ते बघायची इतकी घाई झाली, की भर उन्हात मी त्याची पाठ उघडली.

आत रोल होता.

सैल झालेला तो रोल स्प्रिंगसारखा उसळला आणि हातभर उलगडला. मी तो गुंडाळून पोटाशी धरला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. या कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटी लाल खिडकी असते. तिच्यातून रोलवरचा आकडा दिसतो. एक नजर टाकली असती, तर आत फोटो आहेत हे कळलं असतं. इतके कॅमेरे बाळगणाऱ्या माणसाला एवढंही सुचू नये!

यात एवढं काय, असं तुम्हांला वाटेल. त्यासाठी एक खरी हकिकत ऐका. १८९७ साली स्वीडनचे आंद्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल हे तिघे बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले. दोन-तीन दिवसांत बलून बर्फावर उतरलं. मग ते कित्येक आठवडे बर्फ तुडवत चालले, आणि नाहीसे झाले. जगाला काहीच कळलं नाही. १९३० साली एका ओसाड बेटावर त्यांचे अवशेष सापडले, आणि सोबत कॅमेऱ्याची फिल्म! फोटो काढला की फिल्मवर एक अदृश्य चित्र तयार होतं. रसायनात धुवेपर्यंत ते डोळ्यांना दिसत नाही, पण असतं. तेहतीस वर्षं बर्फात ओली झालेली ती फिल्म स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी फार जपून धुतली. सुमारे २४० चौकटींपैकी ९३ वाचल्या. त्यातल्या एकीत बर्फावर आडवं पडलेलं बलून आहे, आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं.

ते कुणाला माहीत नसते, पण एका फिल्मने राखून ठेवलं होतं. आणि मी? अर्ध्या मिनिटात कुणाचं तरी सगळं उजेडात उधळलं.

ओळखीचे एक वृद्ध छायाचित्रकार अजून घरी डार्करूम ठेवून आहेत. त्यांच्याकडे रोल नेला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाहेरचे वेढे गेले असणार. आतले घट्ट गुंडाळलेले असतात, बघू या." लाल दिवासुद्धा लावला नाही. मिट्ट काळोखात नुसता पाण्याचा आणि घड्याळाचा आवाज. मग त्यांनी ओली पट्टी दिव्यासमोर धरली. पुढच्या सगळ्या चौकटी पार काळ्या, म्हणजे जळालेल्या. अगदी आतल्या दोन मात्र शाबूत होत्या.

पहिलीत एक वाडा आहे, तुळशीवृंदावन आहे, आणि हललेली एक शेळी. दुसरीत सायकलवर बसलेली दोन वेण्यांची मुलगी, नऊ-दहा वर्षांची असेल. तिचे पाय पेडलला नीट पुरत नाहीत. सीट मागून कुणीतरी धरलं आहे. दिसतो फक्त हात, मनगटावर घड्याळ. पुढच्या फोटोत त्या हाताने सायकल सोडली असेल का? ती पडली असेल, की गेली असेल सुसाट? तोच फोटो मी जाळला.

बाजारातल्या त्या विक्रेत्याकडे मी तीनदा जाऊन आलो. त्याने तो कॅमेरा किलोवर घेतलेल्या भंगारातून उचलला होता. दोन्ही फोटोंच्या प्रती त्याच्याकडे ठेवल्या आहेत, कुणी विचारत आलंच तर.

आता तुम्ही एक करा. या रविवारी घरच्या मोठ्यांना बरोबर घ्या आणि माळ्यावरची जुनी बॅग खाली काढा. एखादा क्लिक थ्री, एखादा यशिका, एखादा कोडॅक निघेलच. पाठ उघडू नका! लाल खिडकी असेल तर मंद उजेडात तिच्यातून आकडा दिसतो का, बघा. लहान रोलचा कॅमेरा असेल, तर रोल उलटा गुंडाळायची छोटी मूठ बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. अडल्यासारखी जड लागली, तर आत रोल आहे समजा आणि तिथेच थांबा. काळ्या पिशवीत गुंडाळून तो कॅमेरा तसाच एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओत न्या.

आणि आत काही निघालं, तर मला जरूर कळवा. कॅमेरा मात्र मला विकायला काढू नका. मी घेईन.