दाबमापक यंत्रांच्या नोंदींचे संरक्षण

आपल्या रुग्णालयाच्या देणगीदारांनी उभारून दिलेल्या प्राणवायू वाहिनीचा उल्लेख या अहवालात अन्यत्र आला आहेच. त्या वाहिनीवर अहोरात्र लक्ष ठेवणाऱ्या एका लहानशा उपकरणाची, प्रेशर ट्रान्समीटरची, माहिती सर्व हितचिंतकांस व्हावी, हा या टिपणाचा हेतू आहे.

अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत हे उपकरण रिअ‍ॅक्टर व बॉयलर यांवर बसविलेले असते. रुग्णालयात ते प्राणवायूच्या वाहिनीवर असते. वाहिनीतील दाब ते विद्युतप्रवाहात रूपांतरित करते. शून्य दाबास 4 मिलीअँपिअर, तर ठरविलेल्या कमाल दाबास 20 मिलीअँपिअर. या प्रवाहावरून परिचारिका कक्षातील फलकावर आकडा उमटतो.

वाहिनीतील दाब साधारण 4 बार असावा लागतो. तो 20 टक्क्यांनी, म्हणजे 3.2 बारपर्यंत, घसरल्यास धोक्याची घंटा वाजावी, अशी योजना असते. समजा, ट्रान्समीटरची मर्यादा 0 ते 10 बार ठरविली आहे व फलकही त्यानुसार जुळविला आहे. कोणी ट्रान्समीटरची मर्यादा 0 ते 8 अशी बदलली आणि फलक तसाच राहिला, तर प्रत्यक्ष दाब 3.2 बारवर आला तरी फलक 4 बारच दाखवील. घंटा वाजेल ती दाब 2.56 बारवर उतरल्यावर! उपकरण बिघडलेले नसते, तरीही ते खोटी ग्वाही देत राहते. व्हेंटिलेटरवरील रुग्णासाठी हा विलंब जीवघेणा ठरू शकतो. दि. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीमुळे प्राणवायूचा दाब घसरला व किमान 22 रुग्ण दगावले. तेथे कारण निराळे होते. परंतु दाब घसरणे म्हणजे काय, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

असा अनिष्ट बदल टाळण्याचे उपाय खर्चिक नाहीत. बहुतेक ट्रान्समीटरच्या आत बदल रोखणारी एक कळ असते. ती 'कुलूपबंद' स्थितीत ठेवून झाकणास सील लावावे. हातातील संचाने बदल करता येत असल्यास सांकेतिक शब्द ठेवावा व तो मोजक्यांनाच ठाऊक असावा. वार्षिक तपासणीसाठी कुलूप उघडावेच लागते. काम संपताच ते पुन्हा लावले, याची दुसऱ्या व्यक्तीने खात्री करावी. सन 2017 मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सुरक्षा यंत्रणेची किल्ली 'प्रोग्रॅम' स्थितीत राहिली होती. त्यामुळे घुसखोरांना तिच्यातील आज्ञावलीत फेरफार करण्यास वाट मिळाली.

कुलूप असले तरी उपकरण कालांतराने आपोआप थोडे सरकतेच. म्हणून प्रत्येक पाळीत फलकावरील आकडा वाहिनीवरील साध्या काट्याच्या मापकाशी ताडून पाहावा.

ज्याप्रमाणे संस्थेचा धनादेश एकाच सहीने वटत नाही व खतावणीतील जुना आकडा खोडून नवा लिहिता येत नाही, तीच शिस्त येथेही हवी. जुनी मर्यादा, नवी मर्यादा, कारण, दिनांक व दोघांच्या सह्या एवढी नोंद वहीत असली पाहिजे.

आपल्या देणगीतून यंत्र येते. त्याचे चीज अशा शिस्तीतूनच होते. रुग्णांच्या नातेवाइकांनीही वाहिनीच्या कोणत्याही झडपेस वा फलकास हात लावू नये व घंटा ऐकू येताच परिचारिकेस तत्काळ कळवावे, ही नम्र विनंती.