शेरा लिहिण्यापूर्वी

मास्तरांनाही शिकविणारा कोणी असावा लागतो, ही गोष्ट आपल्या बडोद्याला नवी नाही. महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. शाळा वाढल्या तसे मास्तर वाढले, आणि मास्तरांबरोबर त्यांच्या वर्गात डोकावणारे अधिकारीही वाढले. जुन्या घरांतून ‘दिपोटी’ हा शब्द अजूनही कानी पडतो. दिपोटी यावयाचे, मुलांना दोन-चार प्रश्न विचारावयाचे आणि शेरेबुकात शेरा लिहून पुढच्या शाळेच्या वाटेला लागावयाचे. त्यांच्या भेटीची एक गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल: ज्याला उत्तर येते त्याने उजवा हात वर करावा, ज्याला येत नाही त्याने डावा, असे मुलांना आधीच पढवून ठेवलेले असे! खरी किती आणि रचलेली किती, हा प्रश्न सोडून देऊ. पाहुण्याला पाहण्यासारखे तेवढे दाखवावे आणि जेथे खरोखर अडते ते झाकावे, ही मास्तरांची जुनी रीत तिच्यात नेमकी आली आहे.

आता पदांची नावे बदलली. कोणी समन्वयक म्हणवितो, कोणी मार्गदर्शक. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर शिक्षकांना अनुभवी मार्गदर्शक मिळावेत म्हणून राष्ट्रीय पातळीवरील योजनेची कल्पना मांडली आहे. कल्पना चांगलीच आहे. पण पाठ संपल्यावर रिकाम्या वर्गात दोन माणसे समोरासमोर बसतात, तेव्हा आधी बोलते कोण, यावर तिचे सारे यश अवलंबून आहे.

समजा, पाचवीच्या वर्गात अपूर्णांक चालले आहेत. एक मुलगा म्हणतो, एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा, कारण तिनापेक्षा चार मोठे. बाई ‘चूक’ म्हणतात, बरोबर उत्तर सांगतात आणि पुढे जातात. पाठानंतर बहुतेक मार्गदर्शक काय करतील? ‘फळ्यावरील अक्षर मागून दिसत नाही, आवाज थोडा चढवा, त्या मुलाला पोळीचे तुकडे करून दाखवायला हवे होते.’ सूचना तिन्ही योग्य आहेत. बाई वहीत टिपून घेतील, ‘हो सर’ म्हणतील आणि सुटका झाली असे मानतील.

तोच मार्गदर्शक असे विचारील तर? ‘तो मुलगा एक चतुर्थांश मोठा म्हणाला, त्या वेळी तुमच्या मनात काय आले?’ आणि एवढे विचारून गप्प बसेल तर? बाई प्रथम म्हणतील, तास संपत आला होता. मार्गदर्शकाने येथे मान डोलवून विषय पुढे नेला तर संपले. तो अजूनही थांबला तर थोड्या वेळाने खरी गोष्ट बाहेर येईल: ‘असे का वाटते, हे मी विचारले असते आणि मलाच समजावून देता आले नसते तर?’ अडचण फळ्याची नव्हती, आवाजाचीही नव्हती. ती भीतीची होती, आणि ती शेरेबुकात कधीच उतरली नसती.

थांबण्याचे हे महत्त्व मोजूनही पाहिलेले आहे. अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांना असे आढळले की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच वाट पाहतात. ती वाट तीन सेकंदांपर्यंत लांबविली की मुलांची उत्तरे लांब होतात आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. त्यांचे हे निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध झाले. नेड फ्लँडर्स यांनी दर तीन सेकंदांनी वर्गात कोण बोलते याची नोंद करण्याची पद्धत बसविली. वर्गातील बोलण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश शिक्षकाचेच असते, असे त्यांना दिसले. ही मोजपट्टी पाठानंतरच्या संभाषणाला कोणी लावावी! ‘वर्गात कमी बोला’ हे शिक्षकाला अर्धा तास समजावून सांगणारे मार्गदर्शक विरळा नाहीत.

आपल्या शहरातही याचे धागेदोरे आहेत. १९६३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली सूक्ष्म अध्यापनाची पद्धत पुढे सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र केंद्रात अभ्यासली गेली. तिच्या भारतीय स्वरूपात छत्तीस मिनिटांचा हिशेब असतो: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे त्यावर बोलणे, बारा मिनिटे नवी आखणी, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि पुन्हा सहा मिनिटे बोलणे. म्हणजे जेवढे शिकवावयाचे तेवढेच त्यावर बोलावयाचे. मात्र ती सहा मिनिटे कोणाची, हे घड्याळ सांगत नाही.

ऐकणे म्हणजे नुसते मुके राहणे नव्हे. आजीची गोष्ट हुंकाराशिवाय पुढे सरकत नसे, आणि चुकीच्या जागी दिलेला हुंकार तिला बरोबर कळे. ‘छान, छान’ हा असाच चुकीच्या जागचा हुंकार आहे. ‘मी तुमच्या वयाचा असताना...’ हा तर त्याहून वाईट. तेथून पुढे गोष्ट ऐकणाऱ्याचीच सुरू होते. त्यापेक्षा समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत परत सांगावे: ‘म्हणजे, मुलाने आणखी काही विचारले तर आपल्याला उत्तर सुचणार नाही, असे वाटले तर!’ ऐकण्यात चूक झाली असेल तर ती तेथेच दुरुस्त होते. आणि बाईंनी गणितच चुकीचे सांगितले असेल तर ते स्वच्छ सांगावे. तेथे आडपडदा नको.

एक अडचण मात्र कौशल्याने सुटण्यासारखी नाही. जो ऐकतो तोच गोपनीय अहवाल लिहिणार असेल, तर त्याच्यापुढे मन मोकळे करण्याइतके कोणी भोळे नसते. ऐकणारा आणि गुण देणारा, ही माणसे वेगळी ठेवावीत. शाळांना ते अवघड जाते, माणसे अपुरी असतात. पण निवृत्त शिक्षक आपल्या घराघरांतून आहेत, त्यांच्या हाती कोणाची बढती नाही, आणि त्यांना कोणी बोलावीत नाही.

पुढच्या भेटीत आपण कोठे बसावे, हेही मार्गदर्शकाने शिक्षकालाच विचारावे. कोणी म्हणेल, मागच्या भिंतीशी. अपूर्णांकवाल्या बाई कदाचित म्हणतील, त्या मुलाच्या शेजारी बसा, तो वहीत काय मांडतो ते मला सांगा.