नोंदीवाचून जोडणी

घरच्या संगणकावर सुरळीत चालणारा प्रोग्राम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणला की 'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड' असा संदेश देऊन थांबतो, ही तक्रार विद्यार्थी माझ्याकडे वारंवार आणतात. समजा, विभागाच्या ग्रंथालयातील देवघेव नोंदवणारा छोटासा प्रोग्राम आहे आणि त्याची माहिती ॲक्सेसच्या फाइलमध्ये आहे. प्रोग्राम बरोबर, फाइलही जागेवर; मग अडते कोठे?

मायक्रोसॉफ्टची ओडीबीसी ही पद्धत १९९२ साली आली. तीत प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये 'ड्रायव्हर' नावाचा दुभाषा असतो. कोणता ड्रायव्हर घ्यायचा आणि माहिती कोठे आहे, हे संगणकात एका नावाखाली नोंदवून ठेवता येते. त्या नावाला डीएसएन म्हणतात. प्रोग्राम नुसते नाव सांगतो. पाकिटावर केवळ 'पाटील मास्तर' लिहावे आणि ओळखीच्या पोस्टमनने ते घरी पोचवावे, तसाच हा प्रकार. पोस्टमन बदलला की पत्र परत! 'यूझर डीएसएन' त्या संगणकावरील त्या एका व्यक्तीपुरताच असतो. सर्वांसाठी असलेला 'सिस्टिम डीएसएन' नोंदवायला व्यवस्थापकाचे अधिकार लागतात, आणि तोही संगणकागणिक वेगळा.

यावर उपाय सोपा आहे: पाकिटावर पूर्ण पत्ता लिहावा. डीएसएनच्या जागी प्रोग्रामने जोडणीचे संपूर्ण वाक्यच द्यावे. ॲक्सेससाठी त्यात 'ड्रायव्हर' या शब्दापुढे ड्रायव्हरचे नेमके नाव आणि 'डीबीक्यू'पुढे फाइलचा मार्ग येतो, दोहोंमध्ये अर्धविराम. एसक्यूएल सर्व्हर असेल तर फाइलऐवजी सर्व्हरचे व डेटाबेसचे नाव द्यावे. फाइलचा मार्ग कायमचा लिहून न ठेवता, प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावरून तो काढावा. मग फोल्डर कोठेही हलवला तरी बिघडत नाही.

तरीही तीन गोष्टी विसरू नयेत. पहिली, ड्रायव्हर त्या संगणकावर असलाच पाहिजे, आणि ३२ बिटी प्रोग्रामला ३२ बिटीच ड्रायव्हर लागतो. ६४ बिटी चालत नाही. दुसरी, ॲक्सेस आपल्या फाइलशेजारी कुलपाची एक तात्पुरती फाइल तयार करते. म्हणून त्या फोल्डरात लिहिण्याची मुभा हवी. तिसरी सर्वांत महत्त्वाची: पासवर्ड या वाक्यात उघडा लिहू नये, कारण प्रोग्रामची प्रत ज्याच्या हाती पडेल त्याला तो वाचता येतो. एसक्यूएल सर्व्हरला 'ट्रस्टेड कनेक्शन' सांगितले म्हणजे विंडोजमध्ये ज्या नावाने प्रवेश केला तीच ओळख चालते.

या युक्तीने व्यवस्थापकाला डावलता येते, असा समज काही विद्यार्थी करून घेतात. तो चुकीचा आहे. पत्ता पूर्ण लिहिला म्हणून घराचे दार उघडत नाही. माहिती कोणी वाचावी आणि कोणी बदलावी, हे ठरवणे त्यांच्याकडेच राहते. वाचतो तो संगणकागणिक नोंदी करण्याचा खटाटोप. प्रकल्प तपासणीला आणताना जोडणीचे हे वाक्य प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी ठेवावे, म्हणजे सर्व्हर बदलला तर एकच ओळ दुरुस्त करावी लागेल.